तेर पाहायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं गाव तेरणेच्याच काठचं, तेरपासून थोडीच शिवारं पलीकडे. मास्तरकीच्या काळात सहली घेऊन तेरला किती वेळा गेलो त्याचा हिशोब नाही. निवृत्तीनंतर पुण्या-मुंबईचे पाहुणे घेऊन जातो. पोरं आणि पाहुणे मिळून जे प्रश्न हटकून विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. त्यात माझा दोष थोडा, तेरचा जास्त.

तेर नेमकं कुठं आहे?

धाराशिव जिल्ह्यात, धाराशिव तालुक्यात, तेरणा नदीच्या काठावर. तेरणा पुढं औसा, निलंगा करत औराद शहाजनीजवळ मांजरेला मिळते. आमच्याकडं जुनी माणसं 'तेर-ढोकी' असं जोडून म्हणतात, कारण शेजारचं ढोकी रेल्वेवर आहे. धाराशिवहून गाडीनं निघालात तर तासाच्या आत पोचता. एसटी आहेच, पण परतीची गाडी किती वाजता आहे ते उतरल्याबरोबर विचारून ठेवा.

तेर हे गाव आहे की शहर? काही ठिकाणी 'प्राचीन नगर' लिहिलेलं असतं.

आज गाव. सोयाबीन, तूर, ज्वारी, ऊस, आठवडी बाजार, पारावरच्या गप्पा, सगळं गावाचं. दोन हजार वर्षांपूर्वी मात्र हे तगर नावाचं मोठं व्यापारी नगर होतं. गंमत अशी की या नगराची साक्ष पहिल्यांदा लिहून ठेवली ती इजिप्तकडून येणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हे जहाजी व्यापाराचं टिपण आहे. त्यात म्हटलंय की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. पैठणहून अकीक दगड यायचा. तगरहून साधं जाडंभरडं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल, आणि समुद्रकाठच्या मुलखातून तिथं आलेला इतर माल. हे सगळं बैलगाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं. मराठवाड्यातला पावसाळ्यातला पाणंद रस्ता ज्यानं पाहिलाय, त्याला हे वाक्य वाचून हसू येईल.

ग्रीक भूगोलकार टॉलेमीनंही तगरचं नाव घेतलंय. पुढं कोकणात आणि कोल्हापुरात राज्य केलेले शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत राहिले. तेर त्यांच्या ताब्यात नसतानाही! मूळ गाव सुटलं तरी आडनाव सुटत नाही, तसलाच प्रकार.

पण तगर म्हणजे तेरच, हे कशावरून?

यावर एकोणिसाव्या शतकात पंडितांनी बरीच डोकेफोड केली. कुणी दौलताबाद म्हटलं, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवलं, रा. गो. भांडारकरांनी बीड जिल्ह्यातलं धारूर. अखेर जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये अंतरं आणि नाव यांची सांगड घालून तेरवर बोट ठेवलं. हेन्री कझिन्स यांनी प्रत्यक्ष येऊन देवळं आणि टेकाडं पाहून त्यावर लिहिलं. नंतरच्या उत्खननांत जे निघालं, त्यानं शंकेला जागा ठेवली नाही. सातवाहनांची नाणी, शंखाच्या बांगड्या, हजारो मणी, आणि रोमन व्यापाराच्या खुणा सांगणाऱ्या वस्तू.

मग ते शहर गेलं कुठं? मला तर काहीच दिसलं नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. शहर तुमच्या पायाखाली आहे.

यासाठी आधी दोन शब्द समजून घ्या: काळी आणि पांढरी. आमच्याकडं शेताची जमीन ती काळी आणि गाव वसलेली जमीन ती पांढरी. माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली की चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, चुना, हाडं, खापरं, सगळं थरावर थर साचतं आणि माती भुरकट पांढरी होते. जागा उंचावते. अशा जागेला टेकाड म्हणतात. तेरच्या भोवती अशी टेकाडं आहेत. लांबून पाहिलं तर नुसते मातीचे उंचवटे, वर बाभळी, शेळ्या चरताहेत. जवळ जाऊन पायाखाली पाहिलं की खापरं दिसायला लागतात. काळी-तांबडी, लाल चकचकीत, कुठं काठाचा तुकडा, कुठं बुडाचा. एकदा नजर बसली की मग दर पावलाला दिसतात. सहलीतल्या पोरांना मी म्हणायचो, आधी पाच मिनिटं उभं राहून नुसतं खाली बघा, बोलू नका. पाच मिनिटं गप्प बसणं त्यांना जमायचं नाही, पण पहिलं खापर दिसलं की आपोआप गप्प व्हायची.

आता यातला माझा आवडता भाग. पांढऱ्या मातीला आमच्याकडं मोठी मागणी असायची. मराठवाड्यातली जुनी घरं माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर किलचण म्हणजे लाकडाच्या चिपांचा थर, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. ही माती चिकण, दाबली की पाणी आत झिरपू देत नाही. दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकायची रीत. लहानपणी वैशाखात वडिलांबरोबर मीही गाडी भरायला गेलोय. पांढरी माती खत म्हणून शेतातही टाकत, पिकाला मानवते म्हणून. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लोक जुन्या शहराचा चुरा खोदून आपल्या डोक्यावर छप्पर म्हणून घालत होते आणि शेतात पेरत होते. तगर संपलं असं म्हणायला मला म्हणूनच जड जातं. आमच्या घराच्या माळवदात त्याचा वाटा होता. माती खणताना मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या निघायच्या. मणी पोरींच्या गळ्यात जायचे, नाणी सोनाराकडं, बाहुल्या पोरांच्या खेळात मोडायच्या.

मग यातलं वाचलं कसं?

रामलिंगप्पा लामतुरे या माणसामुळं. तेरचेच, व्यापारी घरातले. शेतकऱ्याच्या, गुराख्याच्या हाती जे लागेल ते हा माणूस आणायचा आणि घरात जपून ठेवायचा. तेव्हा लोकांना ते वेड वाटलं असणार, फुटकी खापरं गोळा करणारा वाणी म्हणजे काय! पुढं हा संग्रह सरकारकडं आला आणि आज तेरमध्ये त्यांच्याच नावानं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं आहे. एका खेडेगावात, एका माणसाच्या घरातून सुरू झालेलं एवढं मोठं संग्रहालय महाराष्ट्रात सहसा दिसणार नाही.

संग्रहालयात काय चुकवू नये? किती वेळ लागतो?

घाईत असाल तर अर्ध्या तासात बाहेर पडाल आणि काहीच पाहिलेलं नसेल. दीड तास तरी काढा.

मातीच्या छोट्या मूर्ती आधी पाहा. तळहातावर मावतील एवढ्या. काही केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या बारीक मातीच्या, दोन साच्यांत पुढची आणि मागची बाजू वेगळी ठोकून नंतर जोडलेल्या. बायकांची केशरचना, कानातली जड भूषणं, कमरेचे पट्टे बारकाईनं पाहा. दोन हजार वर्षांपूर्वीची फॅशन यापेक्षा स्पष्ट कुठं दिसत नाही. माझी बायको पहिल्यांदा आली तेव्हा तिनं मूर्तींपेक्षा वेण्याच जास्त पाहिल्या आणि शंखाच्या बांगड्यांवर बराच वेळ रेंगाळली.

मग मणी. अकीक, काच, शंख, माती. इतका बारीक छेद कशानं पाडला असेल असं पोरं विचारतात. दगडी मण्याला हिऱ्याच्या कणाचं टोक असलेल्या सामत्यानं, म्हणजे गिरमिटानं, छेद पाडायची विद्या आपल्याकडं फार जुनी आहे.

आणि उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी दरवाजाची चौकट. ती आता देवळात नाही, इथं ठेवली आहे. हजार वर्षांहून जुनं लाकूड आपल्या हवेत टिकणं हीच अपूर्वाई. दगडात दिसणारं वेलबुट्टीचं काम लाकडात कसं दिसतं, ते इथं समोरासमोर पाहता येतं.

साप्ताहिक सुट्टी आणि सणाची सुट्टी विचारून मगच निघा. एकदा चाळीस पोरं घेऊन मी कुलूप पाहून परत आलोय. त्या दिवशी पोरांनी नदीत डुंबून सहल वसूल केली, पण पालकांना मला उत्तरं द्यावी लागली.

तेरची हस्तिदंती बाहुली आणि इटलीतल्या पॉम्पेईचा काय संबंध?

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पॉम्पेई शहर राखेखाली गाडलं गेलं. तिथं १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, दागिन्यांनी मढलेली, निखालस भारतीय. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिला बरेच दिवस लक्ष्मी म्हणत, आता बहुतेक अभ्यासक यक्षी मानतात. तिच्याशी जवळचं नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती भारतात मिळाल्या त्या मराठवाड्यातच. एक तेरला आणि एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, म्हणजे जुन्या भोगवर्धनला. तगर, पैठण आणि भोगवर्धन ही सातवाहन काळातली भरभराटीची नगरं. पॉम्पेईची बाहुली नेमकी कुठं घडली यावर वाद आहेत आणि राहतील. पण ती राखेत गाडली गेली त्या आधीच असल्या बाहुल्यांचा बाजार इथून तिथपर्यंत होता, एवढं नक्की.

त्रिविक्रम मंदिर बाकीच्या देवळांसारखं का दिसत नाही?

कारण ते आधी बहुधा देऊळ नव्हतंच. मागच्या बाजूला जाऊन पाहा. भिंत चौकोनी कोपऱ्यात वळत नाही, अर्धगोल फिरते, आणि वरचं छप्पर हत्तीच्या पाठीसारखं गोलसर आहे. याला गजपृष्ठाकार म्हणतात. अजिंठा, कार्ल्याच्या लेण्यांतली चैत्यगृहं, म्हणजे बौद्धांची प्रार्थनागृहं, आठवा, ती आतून अशीच आहेत. तिथं डोंगर कोरून केलेलं, इथं विटांनी उभारलेलं. मूळचं बौद्ध चैत्यगृह आणि पुढं वैष्णव मंदिर झालेलं, असं अभ्यासक मानतात. पुढचा सपाट छताचा मंडप नंतरचा. असा जुना विटांचा चैत्य उभ्यानं टिकलेला दुसरा ठळक नमुना आंध्रात चेझर्ल्याला आहे, तिथंही आता कपोतेश्वर नावानं शंकराची पूजा होते. तेरच्या उत्खननात विटांच्या मोठ्या स्तूपाचे अवशेषही मिळालेत, चाकाच्या आऱ्यांसारख्या भिंती घालून बांधलेले. त्यामुळं इथं बौद्धांची मोठी वस्ती होती हे सांगायला केवळ त्रिविक्रमावर विसंबावं लागत नाही.

आतली मूर्ती त्रिविक्रमाची, म्हणजे वामनानं विराट होऊन पाय उचललाय तो क्षण. बळीराजा बाजूलाच आहे. दिवाळीला 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणणारा शेतकरी इथं हात जोडतो तेव्हा मनात कुणाची बाजू घेत असेल, हा प्रश्न मला दरवेळी पडतो.

तेरच्या विटा पाण्यावर तरंगतात, हे खरं आहे का?

जुन्या देवळांच्या विटांची ही ख्याती आहे खरी. यात चमत्कार नाही. विटेच्या मातीत भाताचं तूस किंवा तसला भुसा भरपूर मिसळला की भट्टीत तो जळून जातो आणि विटेत बारीक पोकळ्या राहतात. वीट हलकी होते. वजन कमी म्हणजे शिखराचा भार कमी. तेलंगणातल्या रामप्पा मंदिराचं शिखरही असल्याच हलक्या विटांचं आहे. प्रयोग करून पाहायचा मोह आवरा. दरवर्षी कुणीतरी भिंतीतली वीट हलवून बघतो, आणि मग पावसाचं पाणी तिथूनच शिरतं.

उत्तरेश्वर आणि कालेश्वर?

दोन्ही विटांची शिवालयं. उत्तरेश्वराच्या विटांवरचं नक्षीकाम पाहण्यासारखं आहे. वीट घडवतानाच किंवा भाजल्यावर तासून केलेलं. कालेश्वर नदीच्या बाजूला, गोरोबाकाकांच्या समाधीजवळ. बहुतेक लोक समाधीचं दर्शन घेऊन कालेश्वराकडं पाठ करून निघून जातात. जाऊ नका, दहा मिनिटांचं काम आहे.

गोरोबाकाकांविषयी थोडं सांगाल का?

संत गोरा कुंभार ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातले, आणि त्या मेळ्यात वयानं सगळ्यांत वडील, म्हणून 'काका'. आमच्याकडं कुणी 'संत गोरा कुंभार' असं पूर्ण नाव घेत नाही, गोरोबाकाकाच. परंपरेनं त्यांची समाधी शके १२३९, चैत्र वद्य त्रयोदशीची, म्हणजे इसवी सन १३१७. त्यांच्या नावावर वीसेक अभंग आहेत.

त्यांच्या दोन गोष्टी महाराष्ट्राला ठाऊक आहेत. एक, विठ्ठलाच्या नादात चिखल तुडवताना पोटचं पोर पायाखाली आलं ती. ही गोष्ट ऐकताना आईच्या बाजूनं कुणी बोलत नाही, पण गावातल्या म्हाताऱ्या बायका सांगतात तेव्हा संतीचा, म्हणजे त्या आईचा, आक्रोशच आधी सांगतात. गोरोबांचं घर म्हणून दाखवतात ती जागा गावात आहे, तिथं थांबा आणि एखाद्या आजीला विचारा. पुस्तकातली आणि आजीची गोष्ट सारखी नाही.

दुसरी, मडकी तपासण्याची. संतमेळा जमला असताना मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं दाखवून विचारलं, हे काय? काका म्हणाले, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आम्हालाही बघा की! काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प राहिले, नामदेव मात्र चिडले. काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं. तिथून नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडं गेले ती पुढची कथा. औंढाही मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात.

थापटणं पाहायचं असेल तर कुंभारवाड्यात जा. चाकावरून उतरवलेलं ओलं मडकं आतून गोलसर दगडाचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत मोठं करतात. पोत बदलतो तसा आवाज बदलतो. गोष्ट सांगणाऱ्यानं ते काम जवळून पाहिलेलं होतं, हे तो आवाज ऐकला की कळतं.

यात्रा कधी असते? गर्दीत यावं का?

चैत्रात, पुण्यतिथीला. दिंड्या, कीर्तनं, पालखी, दुकानं, उन्हाचा कहर. भक्तीसाठी येत असाल तर तेव्हाच या. देवळं आणि टेकाडं पाहायची असतील तर तेव्हा मुळीच येऊ नका. काकांची पालखी पंढरपूरला जाते ती कार्तिकीला, आषाढीला बाकी महाराष्ट्र चालतो तेव्हा आमचा शेतकरी पेरणीत अडकलेला असतो.

जैनांचंही इथं स्थान आहे का?

आहे, महावीरांचं जुनं दिगंबर मंदिर आहे आणि दूरदूरचे यात्रेकरू येतात. अपभ्रंश भाषेतल्या 'करकंडचरिउ' या जैन काव्यात तेरापूर आणि जवळच्या डोंगरातल्या लेण्यांचा उल्लेख येतो. ती लेणी म्हणजे धाराशिव शहराजवळची लेणी. तेरहून परत जाताना ती पाहता येतात.

निजामाच्या काळात काय होतं इथं?

हैदराबाद संस्थानातला मुलूख. धाराशिवला उस्मानाबाद हे नाव शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून मिळालं, २०२३ साली ते पुन्हा धाराशिव झालं. देश १९४७ ला स्वतंत्र झाला तरी आम्ही झालो १७ सप्टेंबर १९४८ ला. सोलापूरकडून निघालेलं भारतीय सैन्य १३ सप्टेंबरला नळदुर्गात शिरलं आणि पाचव्या दिवशी निजामानं शरणागती पत्करली. मधल्या तेरा महिन्यांत रझाकारांच्या धाकानं सरहद्दीवरच्या गावांतली बरीच कुटुंबं सोलापूर-बार्शीकडं गेली होती, कारण हद्दीपलीकडं इंग्रजांचा जुना मुंबई इलाखा होता. बार्शी आमच्यासाठी परदेश होती म्हणा ना. माझी आजी 'मोगलाईतून इंग्रजीत गेलो' असं म्हणायची आणि आम्हाला वाटायचं ती शाळेविषयी बोलतेय.

आज तेरच्या शिवारात काय पिकतं?

पेपर चाळलात तर उत्तर एका शब्दाचं: सोयाबीन. चाळीस वर्षांपूर्वी हे उत्तर नव्हतं. तेव्हा खरिपात मूग, उडीद, तूर, कापूस, पिवळी ज्वारी, आणि रब्बीत शाळू, करडई, हरभरा, जवस. करडईच्या पिवळ्या-केशरी फुलांनी जानेवारीत रान पेटल्यासारखं दिसायचं. आता करडई शोधावी लागते, आणि तिचं तेल मिळालं तर आम्ही पाहुण्याला बाटली भरून देतो. पाण्याखालच्या जमिनीत ऊस. तेरजवळ तेरणेवर मातीचं धरण आहे, पण पाऊस नसला तर धरण काय करणार! १९७२ चा दुष्काळ म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून येतो, दुष्काळी कामावरचं खडी फोडणं आणि तिथं खायला मिळणारी सुकडी हे दोन शब्द त्यांना एकत्रच आठवतात. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते तर तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल.

तगरहून भडोचला कापड जायचं, म्हणजे कापूस इथल्या काळीत तेव्हाही होता. दोन हजार वर्षं टिकलेलं पीक एका पिढीत मागं पडलं, यावर पारावर बसलात तर दोन तास ऐकायला मिळेल. सोयाबीनच्या बाजूनंही तेवढंच ऐकायला मिळेल: तीन-साडेतीन महिन्यांत पैसा, आणि मागं रब्बीला रान मोकळं.

सगळ्यात चांगला काळ कोणता?

डिसेंबर-जानेवारी, आणि जमलं तर येळवशीला. वेळा अमावस्या, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. धाराशिव-लातूरकडचा हा शेताचा सण. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे रानात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडतात, आणि 'ओलगे ओलगे सालम पलगे' म्हणत ज्वारीच्या पिकाभोवती अंबील शिंपडत फिरतात. या शब्दांचा अर्थ विचारू नका, कुणालाच धड सांगता येत नाही. सण कर्नाटकच्या बाजूनं आलाय, शब्दही तिकडून वाहत आले. जेवायला भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट-गार अंबील. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे, फसू नका. तुरीचे-हरभऱ्याचे ओले दाणे, वांगी, गाजर, मेथी, जे जे रानात असेल ते एकत्र शिजवून डाळीच्या पिठात घट्ट केलेली भाजी. ओळख नसली तरी चालेल, बांधावरून जाणाऱ्याला त्या दिवशी कुणीही हाक मारतं. मात्र संग्रहालय आणि दुकानं त्या दिवशी धरून चालू नका.

त्यानंतर हुरड्याचे दिवस. तेही वाईट नाहीत!

१९९३ च्या भूकंपात तेरचं काय झालं?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे. केंद्र किल्लारी, हेही तेरणेच्याच खोऱ्यात, पण तेरपासून बरंच खाली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, ती मुख्यतः लातूरच्या औसा आणि धाराशिवच्या उमरगा तालुक्यांत. धक्का इथंही सगळ्यांना बसला.

वर पांढऱ्या मातीच्या माळवदाचं कौतुक केलंय, त्याची दुसरी बाजू इथं सांगायला हवी. दरवर्षी नवी माती टाकत गेल्यानं छताचा थर हात-दीड हात जाड व्हायचा. खाली मातीत रचलेल्या गोट्यांच्या भिंती. उन्हाळ्यात त्या घरासारखं गार दुसरं काही नव्हतं. त्या पहाटे झोपलेल्या लोकांवर तेच छत आलं. त्यानंतर आमच्या भागात माळवद बांधायला कुणी धजेना. आमचंही आम्ही उतरवलं आणि पत्रे टाकले. पांढऱ्या मातीची मागणी तिथंच संपली.

म्हणजे आता टेकाडं सुरक्षित आहेत?

कुदळीपासून, हो. जेसीबीपासून नाही. रान सपाट करताना, विहिरीचा गाळ काढताना, घराचा पाया खणताना आज एका दुपारी जेवढं उलथतं तेवढं गाडीबैलाला दहा वर्षांत जमलं नसतं. आणि यंत्रावर बसलेल्याला मणी दिसत नाही.

शेतात किंवा टेकाडावर जुनी वस्तू दिसली तर?

उचलून खिशात घालू नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष ठरते, आणि जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचा कायदा तर १८७८ पासूनचा आहे. ती जिथं पडलीय तिथला फोटो काढा, आजूबाजूची खूण लक्षात ठेवा आणि संग्रहालयात जाऊन सांगा. वस्तू कुठल्या थरात होती हे कळलं तरच तिचा काळ सांगता येतो. घरच्या काचेच्या कपाटात तिला फक्त धूळ बसते.

आमचं गावही जुनं आहे. त्याचा इतिहास असाच शोधता येईल का?

येईल की! मराठवाड्यातलं जवळजवळ प्रत्येक गाव पांढरीवर बसलेलं आहे. सुरुवात मारुतीच्या देवळापासून करा, कारण पडक्या देवळांचे दगड, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराची स्मृतिशिळा), सतीशिळा गावानं तिथं किंवा पारालगत आणून ठेवलेल्या असतात. वीरगळावर खालून वर वाचायचं: खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला घेऊन जाताहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर चंद्र-सूर्य. शेंदूर जाड असेल तर खरवडू नका, तिरप्या उन्हात सकाळी पाहा, आकार उठून दिसतात. मग गढी, वेस, बारव. बारवेत उतरायचं तर साप आणि निसटलेल्या पायऱ्या दोन्ही बघून.

कागदांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात १९५४-५५ चं खासरा पत्रक मागा. त्याआधीच्या नोंदी बऱ्याचशा उर्दूत किंवा मोडीत. साल फसलीत, म्हणजे निजामाच्या महसुली सनात, असेल तर ५९० मिळवा, इसवी सन निघेल: फसली १३५८ म्हणजे १९४८-४९. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना गावोगाव भाव आलाय, तेव्हा वेळ धरून ठेवा. शेतांची नावंही लिहून काढा. 'कुंभारखाण', 'गढीचं रान', 'जुनी पांढर' अशी नावं सातबाऱ्यावर नसतात, म्हाताऱ्या गड्यांच्या तोंडात असतात.

एका दिवसात कसं पाहावं?

सकाळी ऊन चढायच्या आत टेकाड आणि त्रिविक्रम. मग संग्रहालय. दुपारी जेवण, पण मोठ्या हॉटेलाची अपेक्षा ठेवू नका, भाकरी-पिठलं-ठेचा सांगून ठेवलं तर कुणीही करून देतं. उतरत्या उन्हात उत्तरेश्वर, शेवटी नदीकाठी समाधी आणि कालेश्वर. मुक्काम धाराशिव किंवा तुळजापूरला बरा. दुसरा दिवस हाताशी असेल तर नळदुर्गचा किल्ला, बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल पावसाळ्यानंतर पाहण्यासारखा असतो.

तेरहून आठवण म्हणून काय न्यावं?

माठ. उन्हाळ्याच्या तोंडावर आलात तर कुंभाराकडून घ्या. घेताना बोटाच्या पेरानं चहूकडून वाजवून बघा. टणक, घुमता आवाज आला तर भाजणी पक्की. बद्द वाजला तर काकांचा शेरा त्याला लागू आहे, ठेवून द्या आणि दुसरा उचला. कुंभार रागावत नाही. तोच आधी वाजवून दाखवतो.